आमदार सिनेटर निवडायचे तेव्हा: लिंकनचा पराभव, डेलावेअरच्या रिकाम्या खुर्च्या आणि मोजणीचा नियम

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "१८५८ साली इलिनॉयमध्ये लिंकनच्या पक्षाला डग्लसच्या पक्षापेक्षा जास्त मतं पडली, तरी सिनेटर डग्लस झाला. हे कसं? राज्यांच्या आमदारांनी सिनेटर निवडायची पद्धत अमेरिकेनं भ्रष्टाचारामुळे सोडली असं पुस्तकात आहे, ते एवढंच कारण का? आणि तसं असेल तर आपल्याकडे राज्यसभा आजही आमदारच निवडतात, ते कसं चालतं?"

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. माझी नोकरी विधिमंडळाच्या सचिवालयात झाली. आमदारांनी मत द्यायच्या निवडणुका मी मोजणीच्या टेबलापाशी बसून पाहिल्या आहेत. निवृत्तीनंतर वेळ होता म्हणून अमेरिकेच्या जुन्या सिनेट निवडणुकांचं वाचन सुरू केलं आणि त्यातच अडकलो. त्यामुळे हे उत्तर मोजणी करणाऱ्याच्या नजरेतून आहे, आणि मला भ्रष्टाचारापेक्षा नियम जास्त दिसतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी लिंकन. "लिंकन हरला" हे म्हणणंच जरा फसवं आहे, कारण १८५८ च्या नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन लिंकन किंवा डेमोक्रॅट डग्लस या दोघांपैकी कुणाचंही नाव मतपत्रिकेवर नव्हतं. अमेरिकेच्या राज्यघटनेत तेव्हा स्पष्ट लिहिलेलं होतं की प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर, म्हणजे देशाच्या संसदेतल्या वरिष्ठ सभागृहाचे सदस्य, त्या राज्याचं विधिमंडळ निवडेल, सहा वर्षांसाठी. मतदार आपापल्या भागातला आमदार निवडत होते, आणि तो आमदार पुढे राज्याची राजधानी स्प्रिंगफील्डला जाऊन सिनेटरसाठी मत देणार होता. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये इलिनॉयमधल्याच ओटावापासून ऑल्टनपर्यंत सात गावांत दोघांच्या गाजलेल्या जाहीर वादसभा झाल्या. त्यातली गंमत हीच, की समोर बसलेल्या हजारो माणसांपैकी एकालाही या दोघांना थेट मत देता येणार नव्हतं. आपल्याकडे एखाद्यानं राज्यसभेच्या जागेसाठी गावोगाव सभा घेतल्या तर लोक चक्रावतील. तिथंही ते नवीनच होतं. पक्षाच्या अधिवेशनानं आधीच "आमचा सिनेटचा एकमेव उमेदवार लिंकन" असा ठराव करणं हीसुद्धा तेव्हा रुळलेली रीत नव्हती. रिपब्लिकन पक्षानं १६ जून १८५८ ला तो ठराव केला.

आता आकडे. इलिनॉयच्या कनिष्ठ सभागृहात ७५ आणि वरिष्ठ सभागृहात २५ जागा होत्या. दोन्ही मिळून शंभर, म्हणजे हिशेबाला सोपं. कनिष्ठ सभागृहाच्या सगळ्या जागांची निवडणूक होती, वरिष्ठच्या मात्र साधारण निम्म्याच. उरलेले आधीच्या निवडणुकीतले सदस्य होते आणि त्यांत डेमोक्रॅट जास्त होते. हा झाला एक भाग. दुसरा भाग मतदारसंघांच्या आखणीचा. ती १८५० च्या जनगणनेवर बेतलेली होती. त्या साली इलिनॉयची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती, १८६० साली ती १७ लाखांवर गेली. ही वाढ मुख्यतः उत्तरेकडे, शिकागोच्या बाजूला झाली, आणि तिथं रिपब्लिकनांचा जोर होता. म्हणजे उत्तरेतल्या एका आमदारामागे मतदारांची गर्दी आणि दक्षिणेतल्या आमदारामागे तुलनेनं कमी. राज्यभराची बेरीज केली तर रिपब्लिकनांना डेमोक्रॅटांपेक्षा काही हजार मतं जास्त पडली. जागा मात्र अशा आल्या: कनिष्ठमध्ये डेमोक्रॅट ४०, रिपब्लिकन ३५, आणि वरिष्ठमध्ये १४ आणि ११. ५ जानेवारी १८५९ ला संयुक्त बैठकीत डग्लसला ५४ आणि लिंकनला ४६ मतं पडली. एकही मत फुटलं नाही. निकाल नोव्हेंबरमध्येच लागलेला होता, जानेवारीत फक्त सह्या झाल्या.

बहुतेक पुस्तकं इथं थांबतात. मला विचाराल तर लिंकनची खरी शिकण्यासारखी निवडणूक ही नाही, त्याआधीची आहे. ८ फेब्रुवारी १८५५. तेच विधिमंडळ, सदस्यसंख्याही तीच शंभर. गुलामगिरीचा विस्तार करू देणाऱ्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याच्या विरोधातले लोक तेव्हा पहिल्यांदाच एकत्र येत होते आणि त्यांचं बहुमत काठावरचं होतं. लिंकन १८५४ च्या निवडणुकीत स्वतः आमदार म्हणून निवडून आला होता, पण राज्याच्या घटनेनुसार आमदाराला सिनेटर होण्याची आडकाठी होती. म्हणून त्यानं जागा सोडली. त्या जागेची पोटनिवडणूक विरोधकांनी जिंकली! शंभरातलं एक मत असं आधीच गेलं.

पहिल्या फेरीत लिंकन ४४, डेमोक्रॅटांचा उमेदवार शिल्ड्स ४१, आणि लायमन ट्रंबुल नावाच्या गृहस्थाला ५. हे पाच जण जुने डेमोक्रॅट होते. नेब्रास्का कायदा त्यांना मान्य नव्हता, पण व्हिग पक्षाच्या माणसाला मत देणार नाही हेही तितकंच पक्कं होतं. लिंकन तेव्हा व्हिग होता. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. डेमोक्रॅटांनी मध्येच शिल्ड्सला सोडून गव्हर्नर मॅटेसनला पुढे केलं आणि त्याची मतं ४७ पर्यंत चढली. लिंकनची मतं गळत गळत १५ वर आली. आणखी तीन-चार मतं सरकली असती तर मॅटेसन सिनेटर झाला असता. तेव्हा लिंकननं आपल्या उरलेल्या माणसांना सांगितलं, ट्रंबुलला द्या. दहाव्या फेरीत ट्रंबुल ५१, मॅटेसन ४७.

पाच मतांचा माणूस निवडून आला आणि ४४ वाला घरी गेला. हे ज्या माणसांमुळे झालं त्यांतला नॉर्मन जड पुढे १८६० साली शिकागोच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदासाठी लिंकनचं नाव मांडायला उभा राहिला. राजकारणात कोणाशी किती कडवट व्हायचं याचा हिशेब लिंकनला फार चांगला जमत होता, असं माझं मत.

पण आपला मुद्दा मोजणीचा. या पद्धतीत तीन गोष्टी एकत्र होत्या. जागा एकच. जिंकायला निव्वळ सर्वाधिक मतं पुरत नाहीत, निम्म्याहून जास्त हवीत. आणि सगळ्यात कमी मतांच्या उमेदवाराला बाद करायची सोय नाही. तीच नावं, तेच सदस्य, पुन्हा पहिल्यापासून. दोन गट असतील तर काही अडत नाही. तिसरा गट पाच जणांचा जरी आला, तरी किल्ली त्याच्या हातात जाते. मॅसॅच्युसेट्समध्ये १८५१ साली असंच झालं. गुलामगिरीविरोधी फ्री सॉइल पक्ष आणि डेमोक्रॅट यांचा सौदा ठरला: गव्हर्नरपद तुमचं, सिनेटची जागा आमची. गव्हर्नर लगेच झाला, पण सौदा न मानणारे काही डेमोक्रॅट अडून बसले आणि चार्ल्स समनरची निवड जानेवारीपासून एप्रिलपर्यंत लटकली. २४ एप्रिलला, २६ व्या फेरीत, त्याला १९३ मतं मिळाली. लागत होती तेवढीच, एकही जास्त नाही. अमेरिकी सिनेटमधला गुलामगिरीचा सर्वात कडवा विरोधक असा एका मतावर आत गेला. तेव्हा "घोडेबाजार म्हणजे वाईटच" असं सरसकट म्हणताना मी जरा थांबतो.

१८६६ पर्यंत देशभर एकसारखा नियमही नव्हता. काही राज्यांत दोन्ही सभागृहं एकत्र बसून मत देत, काही ठिकाणी वेगवेगळी. जिथं वेगवेगळी बसत तिथं एका सभागृहानं नुसतं "आम्ही एकत्र बैठकीला येत नाही" म्हटलं तरी काम तमाम. इंडियाना आणि कॅलिफोर्निया या दोन्ही राज्यांची एकेक जागा १८५५ ते १८५७ रिकामी राहिली ती अशाच भांडणांत. मग न्यू जर्सीचं प्रकरण झालं. तिथल्या संयुक्त बैठकीनं १८६५ साली आयत्या वेळी नियम बदलला, सर्वाधिक मतं मिळतील तो निवडून आला असं ठरवलं, आणि जॉन स्टॉक्टन निम्म्याहून कमी मतांवर सिनेटर झाला. मार्च १८६६ मध्ये सिनेटनं त्याची निवड तपासायला घेतली, तेव्हा स्टॉक्टननं स्वतःच्या बाजूनं स्वतःच मत टाकलं आणि त्या एका मतानं तो वाचला. ओरड झाली, मत मागं घ्यावं लागलं, पुन्हा मतदान झालं आणि त्याची जागा गेली. हे काही शुद्ध नियमप्रेम नव्हतं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा नकाराधिकार ओलांडायला दोन-तृतीयांश मतं जुळवायची होती आणि स्टॉक्टन विरोधी बाकावरचा होता. तरीही त्यातून काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, २५ जुलै १८६६ चा कायदा करावा लागला.

हा कायदा नीट वाचा, परीक्षेत कुणी विचारणार नाही तरी. विधिमंडळाची रचना झाल्यावर दुसऱ्या मंगळवारी प्रत्येक सभागृहानं वेगवेगळं मतदान करायचं, नाव पुकारून, तोंडी, उघड. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला दोन्ही सभागृहं एकत्र. आदल्या दिवशी दोन्हीकडे एकाच माणसाला बहुमत असेल तर तो जाहीर. नसेल तर संयुक्त बैठकीत मतदान, आणि निकाल लागेपर्यंत अधिवेशनाच्या प्रत्येक दिवशी किमान एक फेरी.

कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. रोज मत द्यायला लावलं की माणसं कंटाळतील, तडजोड होईल. पण निम्म्याहून जास्त मतांची अट तशीच ठेवली, बाद करण्याची तरतूद केली नाही, आणि अडून बसणाऱ्याला रोज बाराच्या ठोक्याला एक व्यासपीठ मिळवून दिलं. १८९१ ते १९०५ या काळात वीस राज्यांत मिळून चाळीसहून जास्त वेळा असे तिढे पडले.

यातलं डेलावेअर तर पाठ्यपुस्तकात घालावं असं आहे. चिमुकलं राज्य, दोन्ही सभागृहं मिळून तीस सदस्य. एडवर्ड अ‍ॅडिक्स नावाचा गॅस कंपन्यांत पैसा केलेला माणूस सिनेटर व्हायला निघाला. त्याच्याकडे बहुमत कधीच नव्हतं, पण दुसऱ्या कुणाला होऊ न देण्याइतके आमदार असायचे. मी, नाहीतर कुणीच नाही, ही त्याची भूमिका. १८९५ च्या अधिवेशनात दोनशेहून जास्त फेऱ्या झाल्या. शेवटच्या दिवशी, ९ मे ला, हेन्री द्यू पाँ याला १५ मतं पडली. तिसातली पंधरा म्हणजे बरोबर निम्मी, बहुमत नाही. पण त्याच्या लोकांनी एक मुद्दा काढला. गव्हर्नर एप्रिलमध्ये वारले होते, आणि राज्याच्या वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष वॉटसन घटनेप्रमाणे गव्हर्नरपदावर आले होते. तरीही त्यांनी त्या दिवशी सभागृहात येऊन मत दिलं. गव्हर्नर झालेला माणूस आमदार म्हणून मत देऊ शकतो का? नाही म्हटलं तर एकूण मतं २९ आणि द्यू पाँची १५ म्हणजे बहुमत. हो म्हटलं तर काहीच नाही. प्रकरण वॉशिंग्टनला गेलं आणि मे १८९६ मध्ये सिनेटनं ३१ विरुद्ध ३० मतांनी द्यू पाँला नाकारलं. मोजणीच्या टेबलावर बसलेल्या कुणाही माणसाला हे वाचून घाम फुटेल. "हजर आणि मत देणारे" यात कोण धरायचा, एवढ्यावर सिनेटची जागा.

पुढे ते आणखी बिघडलं. १८९९ मध्ये दुसरी जागा रिकामी झाली आणि भरली गेली नाही, १९०१ मध्ये पहिली, मधल्या काळात भरलेली जागाही रिकामी झाली. मार्च १९०१ ते मार्च १९०३ अशी दोन वर्षं डेलावेअरला एकही सिनेटर नव्हता. अखेर दोन जागा दोन गटांना वाटून तिढा सुटला, एक अ‍ॅडिक्सच्या गटाला, एक विरोधी गटाला. अ‍ॅडिक्स स्वतः कधीच सिनेटर झाला नाही. द्यू पाँ मात्र १९०६ मध्ये झाला.

ओरेगॉनची युक्ती आणखी वरची. १८६६ च्या कायद्याचं घड्याळ केव्हा सुरू होतं? विधिमंडळाची रचना झाल्यावर. मग रचनाच होऊ दिली नाही तर? १८९७ साली राजधानी सेलममध्ये कनिष्ठ सभागृह अख्ख्या अधिवेशनात रीतसर भरूच दिलं नाही, कारण ते भरलं असतं तर सिनेटर मिचेल पुन्हा निवडून आला असता. सिनेटर नाही, आणि राज्यासाठी एकही कायदा नाही. अर्थसंकल्पसुद्धा लोंबकळला. पुढे गव्हर्नरनं एकाला परस्पर नेमलं, तर सिनेटनं त्याला बसू दिलं नाही. या अडवणुकीचा सूत्रधार जोनाथन बोर्न. याच ओरेगॉननं पुढे लोकांचा कौल घेऊन आमदारांना तो पाळायला लावायची पद्धत काढली आणि त्या पद्धतीनं १९०७ मध्ये सिनेटवर गेला तो हाच बोर्न.

आता तुमचा भ्रष्टाचार. होता, भरपूर होता. मोंटानातल्या तांब्याच्या खाणींचा मालक विल्यम क्लार्क हे त्याचं ठळक उदाहरण. जानेवारी १८९९ मध्ये मोंटानाची राजधानी हेलेनात फ्रेड व्हाइटसाइड या सदस्यानं तीस हजार डॉलरच्या नोटा सभागृहासमोर ठेवल्या: मतं विकत घेण्यासाठी दिलेले हे पैसे. एवढं झाल्यावर खेळ संपायला हवा होता. पण त्याच महिन्याच्या २८ तारखेला क्लार्क १८ व्या फेरीत ५४ मतांनी निवडून आला, त्यात अकरा मतं विरोधी रिपब्लिकन पक्षाची, आणि व्हाइटसाइडचीच आमदारकी गेली. सिनेटच्या समितीनं चौकशी करून क्लार्कची निवड अवैध ठरवण्याची शिफारस केली. मत होण्याआधी, १५ मे १९०० ला, त्यानं राजीनामा दिला. त्याच सुमारास मोंटानाच्या गव्हर्नरना काही निमित्तानं राज्याबाहेर नेलेलं होतं. त्यांच्या गैरहजेरीत उपगव्हर्नरनं रिकामी झालेली जागा भरली. कुणाला नेमलं? क्लार्कला. गव्हर्नर धावत परत आले आणि दुसऱ्याला नेमलं, सिनेटनं दोघांनाही घेतलं नाही. १९०१ मध्ये नवं विधिमंडळ आलं आणि क्लार्क रीतसर सिनेटर झाला.

तरी माझं म्हणणं असं की पैसा हा परिणाम होता. जिथं पाच-सहा मतांनी अख्खं राज्य अडवता येतं, तिथं त्या पाच-सहा मतांना भाव येणारच. भाव आला की गिऱ्हाईक येतं. मतदान उघड आणि तोंडी होतं, तरी खरेदी थांबली नाही. उलट विकत घेणाऱ्याला माल पोचल्याची पावती समोरच मिळत होती.

लोकांना जास्त जाचक झालं ते दुसरंच, आणि ते इलिनॉयच्या उदाहरणातच आहे. आमदार निवडताना रस्ते, शाळा, रेल्वेचं भाडं यांचा विचार मागे पडून "हा सिनेटला कुणाला मत देणार" एवढंच उरलं. आमदार निवडला जायचा सिनेटरसाठी आणि अधिवेशनाचे महिने जायचे त्याच भांडणात. घटना बदलायची मागणी जुनीच होती. लोकसभेसारख्या कनिष्ठ सभागृहानं थेट निवडणुकीचा प्रस्ताव १८९३ ते १९०२ मध्ये पाच वेळा मंजूर केला. सिनेट दाबून बसली, आणि ते नैसर्गिकच. ज्या शिडीनं वर आलो ती कोण मोडेल? अखेर राज्यांनीच ओरेगॉनसारखे आडमार्ग काढले, तसे निवडून आलेले सिनेटर वाढले, आणि सतरावी घटनादुरुस्ती १९१२ मध्ये काँग्रेसमधून निघून ८ एप्रिल १९१३ ला मंजूर झाली.

जुन्या पद्धतीच्या बाजूनं एक गोष्ट मात्र नोंदवतोच, कारण ती पुस्तकांत सुटते. सिनेटमध्ये पहिला कृष्णवर्णीय सदस्य हायरम रेव्हल्स १८७० साली मिसिसिपीच्या विधिमंडळानं पाठवला आणि थोड्याच वर्षांत तिथूनच ब्लँच ब्रूस गेला. थेट मतदानानं पहिला कृष्णवर्णीय सिनेटर यायला १९६६ साल उजाडलं.

राहिला आपल्याकडचा प्रश्न. राज्यसभेच्या जागा आणि विधान परिषदेतल्या ज्या जागा विधानसभेचे आमदार निवडतात त्या आपण एकल संक्रमणीय मतानं, म्हणजे उमेदवारांना पसंतीचे क्रम देऊन भरतो, आणि या एका फरकानं अमेरिकेचा तिढा इथं पडूच शकत नाही. २८८ आमदार आणि ६ जागा धरा. प्रत्येक मताची किंमत १०० मानून २८,८०० ला ७ नं भागायचं आणि एक मिळवायचा: ४,११५. हा झाला कोटा. म्हणजे ४२ आमदारांची पहिली पसंती मिळाली की जागा पक्की. जादा मतं पुढच्या पसंतीकडे, सगळ्यात मागचा उमेदवार बाद, त्याची मतं पुढच्या पसंतीकडे. पोटनिवडणुकीत एकच जागा असली तरी बाद करत करत निकाल लागतोच. १८५५ ला स्प्रिंगफील्डमध्ये ही पद्धत असती तर ट्रंबुल लवकरच बाद झाला असता आणि त्याच्या पाच जणांना दुसरी पसंती लिहावी लागली असती. ती त्यांनी लिंकनला दिली असती की कोरी सोडली असती, हे सांगणं कठीण. कोऱ्या सोडलेल्या दुसऱ्या पसंत्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

घोडेबाजार आपल्याकडेही आहेच, फक्त अडवणुकीचा नाही, शेवटच्या जागेचा. कोट्याला तीन-चार मतं कमी पडणारा उमेदवार उभा राहिला की हॉटेलं भरतात. राज्यसभेसाठी २००३ पासून मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, विधान परिषदेला अजून गुप्त मतदान आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या जूनमध्ये दहा दिवसांच्या अंतरानं दोन्ही निवडणुका झाल्या. त्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहा, वर लिहिलेलं बरंचसं तिथं सापडेल.